घरी बांधलेली इंजिनाची पूर्ववंगण यंत्रणा : १२ व्होल्टच्या गिअर पंपाचे दोन वर्षांनंतरचे परीक्षण

जी गाडी महिन्यातून एक-दोनदाच बाहेर निघते, तिच्या इंजिनाबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांची. इंजिन बंद होऊन दोन-तीन आठवडे उलटले की ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीतले, म्हणजे बेअरिंगकडे तेल नेणाऱ्या वाटेतले, तेल हळूहळू इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या चेंबरमध्ये उतरते आणि बेअरिंगमध्ये केवळ चिकटून राहिलेला पातळ थर उरतो. मग स्टार्टर फिरतो, ऑइल पंप तेल खेचू लागतो, फिल्टर भरतो, गॅलरी भरते आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शेवटच्या टॅपेटपर्यंत तेल पोचते. तोपर्यंतचा सगळा काळ क्रँकशाफ्ट जवळजवळ कोरड्यावर फिरत असतो. माझ्या १.६ लिटरच्या, टायमिंग चेन असलेल्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीत हा काळ कानाला ऐकू येई. तीन आठवड्यांनी गाडी सुरू केली की चेनचा खडखडाट होई आणि तेलाचा दिवा विझायला चार-पाच सेकंद लागत. त्यावर उपाय म्हणून मी स्टार्टर फिरवण्याआधीच विजेच्या पंपाने गॅलरीत तेल भरणारी यंत्रणा घरी बांधली. तिच्यातला पंप, तेल एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नळ्या, जोडण्या आणि त्याआधी काही महिने वापरलेली दाबसाठ्याची टाकी यांचे हे परीक्षण आहे.

पंप निवडण्याआधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्याच गैरसमजापायी मी सुरुवातीला चुकीच्या वस्तूंच्या मागे लागलो होतो. पंपाच्या दाबावर क्रँकशाफ्ट तेलात उचलला जातो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शाफ्टला उचलून धरणारा दाब शाफ्ट स्वतःच फिरून निर्माण करतो. १८८३ मध्ये बोशां टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या धाटणीच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बेअरिंगच्या माथ्यावरचे तेलाचे छिद्र बुचाने बंद केले, तर आतले तेल ते बूच बाहेर ढकलू लागले. तिथे दाबमापक लावल्यावर बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षाही अधिक दाब दिसला. त्यामागचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. फिरता शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे दाब तयार होतो. इंजिनाच्या ऑइल पंपाचे काम त्या फटीला तेल कमी पडू न देणे एवढेच असते. तेव्हा पूर्ववंगणाचा पंप कितीही जोरदार असला, तरी थांबलेल्या शाफ्टला तो तरंगवणार नाही. साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिलिमीटरची ती फट त्याने भरून ठेवली की त्याचे काम झाले. मग शाफ्टने पहिले वेढे घेताच त्याला ओढायला तेल हाताशी असते. हे एकदा लक्षात आले की १० बार दाबाच्या पंपाचा मोह आपोआप सुटतो. गॅलरीत दीड-दोन बार दाब आणि मिनिटाला तीन-चार लिटर प्रवाह एवढे पुरेसे आहे.

मी घेतलेला पंप म्हणजे तेल आणि डिझेल उपसण्यासाठी विकला जाणारा, पितळी कवचाचा १२ व्होल्टचा साधा गिअर पंप. त्याच्या पट्टीवर लिहिलेला प्रवाह डिझेलचा आहे आणि खरेदी करणाऱ्याने त्याकडे साफ दुर्लक्ष करावे, कारण इंजिनाचे थंड तेल डिझेलपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते. मी मोजपात्र लावून पाहिले, तेव्हा साध्या खोलीच्या तापमानाला मिनिटाला सुमारे चार लिटर तेल मिळाले आणि प्रवाह एवढाच हवा होता. विजेचा हिशेबही बेताचा आहे. ३ बार दाबाने मिनिटाला ४ लिटर तेल ढकलायला प्रत्यक्षात केवळ २० वॉट लागतात; मोटर आणि गिअरमधला अपव्यय धरला तरी ५०-६० वॉट, म्हणजे चार-पाच अँपिअर. मात्र तेल गारठलेले असेल तर हाच पंप दुप्पट वीज ओढतो आणि त्याचा आवाज खालच्या पट्टीत जातो, म्हणून फ्यूज आणि वायर त्या हिशेबाने घ्यावी. पंपाविषयी माझे मत चांगले आहे. दोन वर्षांत त्याच्या गिअरने त्रास दिला नाही. फक्त शाफ्टचे मूळचे नायट्राइल रबराचे सील पहिल्याच उन्हाळ्यानंतर पाझरू लागले. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतच सुखाने टिकते आणि लांबच्या प्रवासात चेंबरमधले तेल त्या पलीकडे सहज जाते. मी त्याच मापाचे, जास्त उष्णता सोसणाऱ्या व्हायटॉन रबराचे सील बसवले आणि तो पाझर थांबला. पंप उघडावाच लागतो, तर हे काम तो गाडीत बसवण्याआधी करावे, असे मी सांगेन.

विजेच्या पंपाआधी मी दाबसाठ्याची टाकी वापरली होती. शर्यतीच्या गाड्यांत वळणावर तेल एका बाजूला गेले की दाब सांभाळण्यासाठी अशा टाक्या वापरतात आणि अॅक्युसम्प हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव आहे. सिलिंडरमध्ये सरकता पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला तेल आणि मध्ये व्हॉल्व्ह अशी तिची रचना असते. इंजिन चालू असताना तेल आत शिरून हवा दाबते. बंद करण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा, पुढच्या वेळी सुरू करण्याआधी उघडायचा. विचार फार सुंदर आहे, वीज लागत नाही आणि तेल क्षणात पोचते. माझी अडचण आली ती बॉइलच्या नियमात, म्हणजे दाब जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने हवा आकसते यात. माझी टाकी २ लिटरची होती आणि हवेचा आरंभीचा दाब ०.५ बार, म्हणजे वातावरणाचा १ बार धरून निरपेक्ष १.५ बार ठेवलेला होता. इंजिनाचा दाब ४ बार असताना व्हॉल्व्ह बंद केला, तर निरपेक्ष दाब ५ बार होतो, हवा आकसून ०.६ लिटर होते आणि १.४ लिटर तेल साठते, त्यातले ०.९ लिटर तेल १ बारच्या वरच्या दाबाने परत मिळते. हा साठा उत्तम आहे. पण आपण घरी पोचतो तेव्हा इंजिन तापलेले आणि मंद गतीवर असते, तेव्हा दाब असतो जेमतेम १ बार. त्या वेळी व्हॉल्व्ह बंद केला तर टाकीत अर्धाच लिटर तेल राहते आणि ते बाहेरही मरगळलेल्या दाबाने येते. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी थांबवण्यापूर्वी इंजिन २५०० फेऱ्यांवर धरून व्हॉल्व्ह बंद करण्याची शिस्त पाळावी लागते आणि घरातली दुसरी कोणी व्यक्ती गाडी चालवणार असेल तर ती शिस्त टिकत नाही. शिवाय त्या लिटर-दीड लिटर तेलाने डिपस्टिकचे माप बिघडते. टाकी भरलेली असताना पातळी पूर्ण करून ठेवली आणि मग टाकी रिकामी झाली, तर चेंबरमध्ये तेल जास्त होऊन क्रँक त्यात आपटतो आणि तेल फेसाळते. फेसाळलेले तेल बेअरिंगला काही कामाचे नसते. सहा महिन्यांनी मी ती टाकी काढली. मात्र कोणी प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपापासून अशी टाकी बनवण्याचा विचार करत असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. दाबलेल्या हवेने भरलेला पीव्हीसीचा पाइप उष्णतेने कमकुवत झाला की फुटून त्याचे धारदार तुकडे उडतात आणि बॉनेटखाली उष्णतेला तोटा नसतो.

आता या यंत्रणेच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. तो भाग म्हणजे पंप आणि गॅलरी यांच्या मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप दिवसातून एखादे मिनिटही चालत नाही. बाकी सगळा वेळ, इंजिन धावत असताना, त्याचा स्वतःचा तेलदाब या व्हॉल्व्हवर टेकलेला असतो आणि तो व्हॉल्व्ह गळला तर गॅलरीतले तेल पूर्ववंगणाच्या पंपातून उलटे चेंबरमध्ये जाते. म्हणजे बेअरिंगच्या रक्षणासाठी लावलेली वस्तूच बेअरिंगचे तेल पळवते. माझ्याकडे हे घडले आहे. पहिला व्हॉल्व्ह पितळी, स्प्रिंगचा, धातूवर धातू बसणारा होता. साधारण तीन महिन्यांनी गरम इंजिनाचा मंद गतीवरचा दाब १.२ बारवरून ०.७ बारवर आलेला मला दिसला. आधी मी तेल पातळ झाले असे समजलो, मग मापकावर संशय घेतला. शेवटी गाडीखाली दिवा धरून पाहिले, तर बंद असलेल्या पंपाच्या मोटरची दांडी हळूहळू उलटी फिरत होती. व्हॉल्व्ह उघडल्यावर त्याच्या बैठकीवर टेफ्लॉन टेपचा केसाएवढा तंतू अडकलेला सापडला आणि तो टेप मीच लावलेला होता. आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचे तुकडे तेलाच्या वाटेत सुटतात, ही गोष्ट वाचलेली असूनही मी ती पाळली नव्हती. हाच तंतू चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बारीक छिद्रात गेला असता, तर तो सापडलाही नसता. तेव्हापासून मी फक्त द्रवरूप सीलंट वापरतो, तोही पहिले दोन आटे मोकळे सोडून. नवा व्हॉल्व्ह पोलादी कवचाचा, व्हायटॉनच्या मऊ बैठकीचा घेतला आणि त्याच्यामागे तसाच दुसरा जोडला. एक अडकला तरी दुसरा धरून ठेवतो. दोन्हींच्या स्प्रिंगमुळे पंपावर पडणारा जादा भार नगण्य आहे. पैसे कुठे वाचवावेत असा प्रश्न असेल, तर ते पंपावर वाचवावेत. या व्हॉल्व्हवर कधीही वाचवू नयेत.

तेल खेचण्याच्या बाजूची नळी हा दुसरा नाजूक भाग आहे. घट्ट तेल ढकलणे सोपे, खेचणे अवघड. खेचताना फार तर वातावरणाचा १ बार दाब आपल्या मदतीला असतो, त्याहून अधिक काही नाही. म्हणून खेचणारी नळी जाड आणि आखूड हवी आणि पंप शक्यतो चेंबरमधल्या तेलाच्या पातळीजवळ हवा. मी आधी तेल दिसावे या हौसेने पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली होती. ती उष्णतेने मऊ पडली, क्लिपखाली दबली आणि तिथून हवा शिरू लागली. पंप फिरत होता, दाब मात्र थरथरत होता. आता तिथे आतून तारेचे वेटोळे असलेली, इंजिन तेलासाठीच बनवलेली १२ मिलिमीटरची नळी आहे आणि दाबाच्या बाजूला पोलादी जाळीची, पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची १० मिलिमीटरची. तांब्याची नळी दिसायला सुबक असते, वळवायलाही सोपी; पण इंजिनाच्या कंपनांनी तांबे कडक होत जाऊन तडकते, शिवाय तापलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण तांब्याच्या स्पर्शाने वेगाने होते. दाबाची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून न्यावी, हे सांगताना मला अतिशयोक्ती करायची नाही. इंजिन तेलाची वाफ पेट घेण्याचे तापमान २०० ते २३० अंशांच्या आसपास असते आणि भार असताना मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. सुटलेल्या जोडणीतून तिथे उडणारी तेलाची चिळकांडी म्हणजे थेट आग.

चेंबरमधून तेल घ्यायचे कुठून, यावर मी बराच वेळ घालवला. तेल सोडण्याच्या बोल्टच्या जागी पोकळ जोडणी बसवणे सर्वांत सोपे आहे आणि बहुतेक जण तेच करतात. पण ती जोडणी गाडीचा सर्वांत खालचा भाग बनते. एखादा दगड लागून ती मोडली तर सगळे तेल रस्त्यावर. मी चेंबर उतरवून त्याच्या बाजूला, तळापासून थोडे वर, आट्यांचे बूच वेल्डिंग करून घेतले. एक दिवस जास्त गेला, पण तळाशी बसणारा गाळही त्यामुळे खेचला जात नाही.

गॅलरीत शिरण्यासाठी मी तेलदाबाच्या सेंडरचे, म्हणजे दाब ओळखून डॅशबोर्डला कळवणाऱ्या भागाचे, छिद्र वापरले. इथे आट्यांची जात नीट ओळखावी. १/८ इंचाच्या एनपीटी या अमेरिकी जातीत इंचाला २७ आटे असतात, बीएसपीटी या ब्रिटिश जातीत २८. दोन्ही एकमेकांत पहिले काही वेढे अगदी सरळ जातात आणि मग ब्लॉकमधले आटे खराब करतात. टी-जोडावर सेंडर आणि नळी दोन्ही लटकवू नयेत, कारण कंपनांनी तो जोड मुळाशी मोडतो. मी ब्लॉकमधून एकच लवचीक नळी काढून टी-जोड फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या, पट्टीवर बसवला आहे. या छिद्राची एक चांगली बाजू अशी की ते फिल्टरच्या पुढे असल्याने आपले तेल उलटे ऑइल पंपाकडे जाऊ लागले, तर फिल्टरमधला तेल परत जाऊ न देणारा रबरी पडदा त्याला अडवतो. वाईट बाजू अशी की आपले तेल न गाळता बेअरिंगवर जाते. म्हणून खेचण्याच्या बाजूला बारीक पोलादी जाळी बसवली आहे. फार बारीक जाळी लावली तर थंड तेल खेचले जात नाही, फार मोठी लावली तर तिचा उपयोग नाही. इथे तडजोड करावीच लागते आणि तेल वेळेवर बदलणे हीच तिची खरी भरपाई आहे.

विजेच्या जोडणीत मी मुद्दाम साधेपणा ठेवला. आधी मला वाटले होते की दाबाच्या स्विचवरून रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चालवावा, म्हणजे दाब आला की पंप आपोआप थांबेल. तसे करून पाहिले, तर दाब आल्यावर पंप थांबे, लगेच दाब उतरे, पंप पुन्हा सुरू होई आणि रिले टकटक करत राही. दिव्याचा मूळ स्विच तर अर्ध्या बारच्याही आधी उघडतो. तोवर शेवटच्या बेअरिंगला तेल पोचलेले असेलच असे नाही. आता बॅटरीजवळ फ्यूज, एक रिले आणि डॅशबोर्डवर दाबून धरायचे बटण एवढेच आहे. रिलेला वीज चावी फिरवल्यावरच मिळते आणि बोट उचलले की पंप थांबतो. मी काटा दीड बारवर स्थिरावल्यावर दहा सेकंद मोजतो, मग स्टार्टर फिरवतो. दाब आल्याखेरीज स्टार्टर फिरूच नये अशी अडवणूक मी केलेली नाही. एका बिघडलेल्या स्विचपायी गाडी रस्त्यात अडकणे मला मान्य नाही.

परिणाम काय झाला? तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीत बटण दाबल्यापासून सात-आठ सेकंदांत दिवा विझतो, इंजिन अजून फिरलेलेही नसताना. सुरू होताना चेनचा खडखडाट पूर्ण गेला, कारण टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो आणि तो आता आधीच भरलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेटची टिकटिकही गेली. बेअरिंगची झीज किती कमी झाली हे इंजिन न उघडता सांगता येत नाही आणि मी ते उघडलेले नाही. म्हणून तसा दावाही करत नाही. सिलिंडरच्या भिंती आणि रिंग यांना माझ्या इंजिनात दाबाने तेल मिळत नाही, ते क्रँक फिरल्यावर उडणाऱ्या तेलानेच भिजतात. थंड इंजिनात जादा पेट्रोलने भिंतीवरचे तेल धुतले जाणे आणि ज्वलनातल्या आम्लांनी होणारी झीज यांवरही या यंत्रणेचा काही इलाज नाही. पंप मिनिटभर चालू ठेवणेही अयोग्य आहे, कारण हेडमध्ये साचलेले तेल तिथल्या व्हॉल्व्हच्या सीलमधून खाली झिरपते. टर्बो असलेल्या इंजिनात तर अधिक जपावे लागते; टर्बोच्या कड्या फिरताना तेल नीट अडवतात, थांबलेल्या असताना तेवढे अडवत नाहीत, आणि मग सुरू करताना निळा धूर निघतो.

रोज चालणाऱ्या गाडीला या यंत्रणेची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रभरात गॅलरी पूर्ण रिकामी होत नाही, आणि तेल परत जाऊ न देणाऱ्या चांगल्या पडद्याचा फिल्टर व उत्पादकाने सांगितलेल्या श्रेणीचे तेल एवढ्याने तिथले काम होते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठीही आधी एक बिनखर्ची उपाय करून पाहावा. इंधन पंपाचा फ्यूज काढून दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवावा. बेअरिंग त्यातही फिरतात, पण ज्वलनाचा भार नसतो आणि गतीही कमी असते. नुकत्याच बांधलेल्या इंजिनासाठी कायमची यंत्रणा नको, एकदाच तेल भरणे पुरते. जुन्या शेव्हरोले व्ही-८ सारख्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवता येतो. क्रँकशाफ्टच्या नाकावर थेट बसलेला पंप असेल तर तो वेगळा फिरवता येत नाही आणि तिथे माझ्यासारखा विजेचा पंप तात्पुरता जोडणे सोयीचे पडते. मोठ्या जहाजांच्या आणि जनरेटरच्या इंजिनांत पूर्ववंगणाचा पंप कारखान्यातूनच बसवलेला असतो, कारण तिथे एकेका बेअरिंगवर येणारा भार आणि ते बदलण्याचा खर्च दोन्ही अवाढव्य असतात.

ही यंत्रणा बांधायची असेल, तर इंजिनाला तेलदाबाचा काट्याचा मापक सर्वांत आधी लावावा आणि गरम इंजिनाचा मंद गतीवरचा दाब लिहून ठेवावा. माझा तो आकडा लिहिलेला होता म्हणूनच व्हॉल्व्हची गळती मला तीन महिन्यांत कळली. नुसत्या दिव्यावर विसंबलो असतो, तर ०.७ बारला तो पेटलाही नसता. दर तेलबदलाला मी जाळी काढून धुतो, दोन्ही व्हॉल्व्ह हाताने तपासतो आणि क्लिप पुन्हा आवळतो. या कामाला जेमतेम अर्धा तास लागतो. गेल्या वेळी जाळीत सीलंटचा एक वाळलेला कण मिळाला, धातूचा एकही नाही.